नत्थुजीची पाचर

निंभोऱ्याच्या नत्थुजी लोहाराला जगात एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे ढिलेपणा. भूक सहन होई, ऊन सहन होई, बायकोची बोलणी तर तो भाकरीबरोबर खाई; पण कुठे काही हललं, डुगडुगलं की त्याचा हात आपोआप हातोडीकडे जायचा. पाहुणा म्हणून कुणाकडे गेला तरी आधी बाजेच्या सांध्यात पाचर मारायचा आणि मग तिच्यावर बसायचा. एकदा व्याह्याच्या घरी दाराची कडी हलते म्हणून त्याने ती अशी घट्ट बसवून दिली, की व्याही आठवडाभर परसदारातून ये-जा करत होता. पुढे त्या घरात नत्थुजी येणार अशी बातमी आली की हलणाऱ्या सगळ्या वस्तू शेजारी नेऊन ठेवत.

अशा माणसाशी संसार करणं सोपं नव्हतं. त्याची बायको तानुबाई भाता ओढायची, तापल्या लोखंडावर पाणी टाकायची आणि नवऱ्याचं डोकं ठिकाणावर ठेवायची. यातली पहिली दोन कामं तिला उत्तम जमत.

गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवणं हे लोहाराचं खरं काम. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या आरात लाल करायची, तापून ती वाढली की सांडशीने उचलून चाकावर चढवायची आणि वरून भराभर घागरी ओतायच्या. पाणी पडलं की धाव आवळते आणि लाकडाला अशी मिठी मारते की विचारू नका. नत्थुजीची धाव चाक मोडलं तरी निघत नसे. तुटक्या चाकाचं लाकूड जाळून धाव मोकळी करावी लागे, आणि असं कुणी सांगत आलं की नत्थुजीची छाती फुगायची.

मग तिकडे अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. काळ्या रानात राबणाऱ्या माणसांच्या हातात एकाएकी रुपये खुळखुळायला लागले. थोडा पैसा आला की माणसाला काहीबाही सुचतं, फार आला की भलतंच सुचतं. निंभोऱ्याचे खुशालराव पाटील अकोटहून सोनार घेऊन आले आणि त्यांनी आपल्या दमणीच्या, म्हणजे बसायच्या हलक्या गाडीच्या, नव्या चाकांना चांदीच्या धावा बसवून घेतल्या. नत्थुजीच्या हातच्या लोखंडी धावांसकट जुनी चाकं गोठ्यामागे उकिरड्यावर जाऊन पडली.

नत्थुजी पारावर गेला तेव्हा सगळा गाव चाकांभोवती जमला होता. सोनार नखाएवढ्या हातोडीने चांदीवर टिकटिक करत होता.

"पाटील, चांदी काय लोखंड हाय? हे दोन दिवसांत ढिली पडन," नत्थुजी म्हणाला.

"पडली तं पडली. दुसरी बसवू," पाटील म्हणाले. "लोखंड काय, कोनाच्याही गाडीले असते. आता लोखंडाले कोन पुसते, नत्थुजी?"

लोक हसले. नत्थुजीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तो म्हणाला, "पुसते तिथं चाललो मी. आगीनगाडीचा पूल होऊन राहिला मूर्तिजापूरकडे, सारा लोखंडाचा. माझ्या हातच्या लोखंडावरून आगीनगाडी जाईन, तवा तुमाले सांगावा धाडतो, पाहाले या. आन नाई गेली, तं या शिवेत पाय ठेवनार नाई."

शपथ झाली, टाळ्याही पडल्या. घरी आल्यावर तानुबाईने फक्त एवढंच विचारलं, "शिवेत पाय नाई ठेवाचा तुमी. मंग मी कुठी ठेवाचा?" दुसऱ्या दिवशी ऐरण, भाता आणि तानुबाई अशी तिन्ही गाडीत घालून नत्थुजी निघाला.

पूल ज्या नदीवर होत होता तिला पावसाळ्यात नदी म्हणत, एरवी म्हणायला लोक लाजत. काळ्या दगडाचे खांब वर आले होते आणि विलायतेहून तुकड्या-तुकड्यांनी आलेल्या लोखंडी तुळया त्यांच्यावर जोडायच्या होत्या. पहिल्याच दिवशी नत्थुजीला वर चढवलं. आजवर घराच्या कौलांपेक्षा उंच तो कधी गेला नव्हता. त्याने खाली पाहिलं, डोळे मिटले आणि तुळईला कवटाळलं. घट्ट धरणं हा मुळात त्याचा धर्मच. तेव्हा त्याला सोडवायला चार माणसं लागली, आणि तरीही तुळईच आधी सुटते की काय असं वाटत होतं.

सोडवणाऱ्यांत एक सोनाजी पाथरवट होता. पुलाचं सगळं दगडकाम त्याच्या माणसांकडे होतं. बाळापूरकडचा, सावकाश बोलणारा, आणि बोलण्यापेक्षा दगडावर हात फिरवत बसणं ज्याला जास्त आवडे असा माणूस. त्याने नत्थुजीच्या कमरेला दोर बांधला, त्याला चुना-तंबाखू दिला आणि म्हणाला, "खाली पाहू नको. कामाकडं पाहा." तेव्हापासून दोघांची दोस्ती जमली, म्हणजे रोजचं भांडण सुरू झालं.

"लोखंडाले गंज लागते," सोनाजी म्हणायचा. "दगडाले काय लागते?"

"दगडाले शेंदूर लागते," नत्थुजी म्हणायचा. "आन शेंदूर लागला की दगड काम करनं सोडून देते."

काम मात्र नत्थुजीला असं आवडलं की जणू त्याच्यासाठीच कुणी शोधून काढलं होतं. एकाने भट्टीत जाड खिळा लाल करायचा, सांडशीने वर फेकायचा, दुसऱ्याने तो लोखंडी घमेल्यात झेलून भोकात घालायचा, मागून एकाने रेटा द्यायचा आणि पुढून घणाने ठोकून दुसरं डोकं काढायचं. या खिळ्याला तिथले लोक रिपीट म्हणत. रिपीट थंड होताना आवळे आणि दोन पत्रे असे एकजीव होत, की मध्ये केससुद्धा शिरू नये. नत्थुजी ठोकलेल्या प्रत्येक रिपिटाला कान लावून ऐके. बद्द आवाज आला तर तो काढून नवा घाली. पूल बांधणाऱ्या गोऱ्या साहेबाने त्याला वर्षाच्या आत मुकादम केलं.

त्या पौषात शेवटची तुळई बसली. सकाळी नत्थुजी तिच्यावरून चालत टोकाला गेला आणि जागच्या जागी थबकला. तुळईचं टोक आणि काठावरची सोनाजीची दगडी भिंत यांच्यामध्ये दोन बोटं फट होती. दुसऱ्या टोकाला तुळई खांबाला बोल्टांनी आवळलेली, आणि इथे? इथे ती काठालगतच्या खांबावर ठेवलेल्या लोखंडी लाटण्यांवर नुसती टेकलेली. ना बोल्ट, ना रिपीट.

नत्थुजीचा जीव हळहळला. साहेब चांगला माणूस होता, आणि चांगल्या माणसाचं माप चुकलं होतं. विलायतेतल्या लोहाराने तुळई आखूड पाठवली, साहेबाच्या लक्षात आलं नाही, आणि आता जो कुणी पाहील तो साहेबाला हसेल. बरं, साहेबाला तोंडावर सांगायचं कसं? साहेब तर तापाने अकोल्याला पडून होता. तेव्हा नत्थुजीने ठरवलं की मालकाची लाज आपणच झाकायची. त्याने दोन दिवस खपून पोलादी पाचरी घडवल्या, कानशीने घासून आरशासारख्या केल्या, आणि पहाटेच्या कडाक्याच्या थंडीत, फट सगळ्यांत रुंद दिसत होती तेव्हा, एकेक ठोकून बसवल्या. वरून डांबर फासलं. पुढे त्यावर फळी आली आणि फट होती याचा मागमूसही राहिला नाही. साहेब बरा होऊन परत आला, त्याने फळी पाहिली, मान डोलावली. नत्थुजीनेही मान डोलावली. कुणाला काही न सांगता केलेल्या उपकारात जो गोडवा असतो, तो चाखत नत्थुजीचा शिमगा मोठ्या आनंदात गेला. सांगितलं ते फक्त तानुबाईला.

वैशाखात पुलाची परीक्षा ठरली. अकोल्याकडून दगडांनी भरलेले डबे ओढत इंजिन येणार आणि पुलावरून जाणार. नत्थुजीने निंभोऱ्याला सांगावा धाडला: या, आणि पाहा.

निंभोरा आला. पाच गाड्या भरून आला. सगळ्यांत पुढे खुशालराव पाटलांची दमणी, आणि दमणीच्या मागे डोक्यावर फडकं टाकून पायी चालणारा अकोटचा सोनार. उन्हाने चाकाचं लाकूड सुकलं होतं, चांदी ढिली पडली होती, आणि दर कोसाला गाडी थांबवून तो बिचारा खाली बसून टिकटिक करत होता. एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात पिशवी, वाटेत पडेल ती चांदी वेचायला. नत्थुजीने ही वरात पाहिली आणि त्याला वाटलं, आता आगीनगाडी नाही आली तरी चालेल.

पण सकाळी साहेब शेवटचं पाहायला आला आणि त्याचा चेहरा लाल झाला. काठावरची दगडी भिंत वरच्या अंगाला मागे कलली होती. दोन मोठे घडीव दगड मधोमध तडकले होते आणि सांध्यांतला चुना भुग्यासारखा गळत होता. साहेबाने काठीने चुना टोकरला, तो बोटांत चोळला आणि सोनाजीला हाक मारली. त्याच्या मोडक्या हिंदुस्थानीत तो जे बोलला त्याचा अर्थ एवढाच होता: चुना खोटा, काम खोटं, तू आणि तुझी माणसं आजच चालते व्हा. इंजिन अकोल्याच्या बाजूला उभं राहील, परीक्षा आज होणार नाही.

सोनाजी तडकलेल्या दगडांकडे वळला. बोलला तो नत्थुजी, आणि निंभोऱ्याच्या मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. "मी कवाचा सांगून राहिलो होतो. दगडाचं काम ढिलं. माझ्या लोखंडाकडं पाहा, पाटील, केसभर तरी हाललं काय?"

"लोखंडाचं काही म्हननं नाई बावा," पाटील म्हणाले. त्यांना स्वतःच्या चाकांमुळे आता जरा पडतं घ्यावंच लागत होतं.

दुपारी झोपडीत तानुबाईने भाकरी वाढली. नत्थुजी जेवता जेवता भिंतीची कहाणी सांगत होता. तानुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या भितीजवळच तुमी पाचर ठोकली होती ना पुसात?"

"ठोकली होती. अजूनबी तशीच हाय. नत्थुजीची पाचर हाय ते, हालन कशी?"

"मंग लोखंड कोनीकडं वाढलं?"

"कोनतं लोखंड?"

"पुलाचं. एवढं ऊन पडून राहिलं, झाडावरची पाखरं पडून राहिली. धाव तापली का वाढते, मी पानी टाकलं का आवळते. जलमभर तेच करून राहिली मी. मंग तुमची तुळई वाढून गेली कुठी?"

"ते धावंचं लोखंड," नत्थुजी म्हणाला. "हे पुलाचं."

"पुलाचं लोखंड काय सोवळं असते?"

नत्थुजीचा घास हातातच राहिला. धाव, रिपीट, सगळं आयुष्य तापल्या लोखंडाच्या वाढण्या-आवळण्यावर गेलेला हा माणूस; पण लोखंड फक्त आपल्या भट्टीत तापतं, सूर्य तापवतो ते लोखंड नव्हे, अशी काहीतरी त्याची समजूत असावी. ती फट विलायतेची चूक नव्हती. साहेबाने तुळईला श्वास घ्यायला जागा ठेवली होती, आणि नत्थुजीने ती घासून-पुसून आरशासारख्या पोलादाने बुजवली होती. वाढायला जागा नाही म्हटल्यावर तुळईने भिंतीला रेटा दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी लागली होती, आणि फाशीचा दोर ओढायला चोर स्वतः पुढे झाला होता.

तो उठला, घण घेतला आणि पुलावर गेला. बेत साधा होता: गुपचूप फळी काढायची, पाचर काढायची, आणि तोंड बंद ठेवायचं. त्याने घण घातला. पाचर हलली नाही. तिरका घातला, उलटा घातला, पहार लावून पाहिली. आयुष्यात पहिल्यांदाच नत्थुजीची गाठ नत्थुजीच्या कामाशी पडली होती, आणि काम फार चांगलं होतं.

खाली सोनाजीची माणसं टोपली-थापी गाढवांवर लादत होती. सोनाजी मात्र भिंतीपाशी उभा राहून तडकलेल्या दगडावर हात फिरवत होता. वर नत्थुजी दिसला तसा तो म्हणाला, "तू म्हनतं ते खरं असन गड्या. पन चुना मी सोता मळला होता. माझ्या हातून काय चुकलं, तेवढं समजलं असतं तं पुढच्या कामाले बरं झालं असतं."

शिव्या दिल्या असत्या तर नत्थुजीला बरं वाटलं असतं. या बोलण्याने त्याला लाज वाटली आणि त्याने घण खाली ठेवला. सांगितलं तर मुकादमी जाणार, पुलावरचं काम जाणार. पूल रखडला तर शपथेमुळे गावही जाणार. आणि हे सगळं खुशालराव पाटलांच्या समोर. न सांगितलं तर काहीच जाणार नव्हतं, फक्त सोनाजी जाणार होता.

तो खाली उतरला आणि तडक साहेबाच्या तंबूपुढे जाऊन उभा राहिला. निंभोऱ्याची मंडळी तिथल्याच लिंबाखाली बसली होती. नत्थुजीने पागोटं काढलं.

"साहेब, भितीचा चुना खरा हाय. खोटा मी हाय. ते फट मी बुजवली."

साहेबाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो पळत जाऊन पाहून आला. घाम पुसत त्याने विचारलं, का? का केलंस?

"मले वाटलं तुमचं माप चुकलं," नत्थुजी म्हणाला. "चारचौघांत तुमची लाज जाऊ नये, म्हनून बुजवली."

लिंबाखाली पहिल्यांदा पाटील हसले, मग सोनार हसला. सोनाराला तर या प्रवासात हसायची पहिलीच संधी मिळाली होती, त्याने ती पोट धरून घेतली. साहेब मात्र हसला नाही. पाचर काढ, एवढंच म्हणाला.

"निघत नाई साहेब. मीच ठोकली ना."

तेवढ्यात मागून तानुबाई पुढे आली. डोक्यावर घागर होती. नवऱ्याकडे न पाहता ती पाटलांना म्हणाली, "पाटील, हासून झालं असन तं गाड्यांवरची गोनपाटं काढा. आन सारे पान्याले लागा."

मग जे झालं ते त्या नदीने पूर्वी पाहिलं नव्हतं. डोहात उरलेलं पाणी घागरी-घागरींनी वर चढू लागलं. निंभोऱ्याचे लोक, सोनाजीची माणसं, गाढवं, झाडून सगळे लागले. तुळईवर ओली गोणपाटं पसरली आणि त्यांवर पाण्याची धार धरली. खुशालराव पाटलांनी पहिल्या दोन घागरी हाताखालच्या माणसाला दिल्या, तिसरी मात्र स्वतः उचलली. तुळई आधी चरचरली, मग वाफाळली, मग गप्प झाली. तानुबाई टोकाशी बसून पाचरीवर बोट ठेवून होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आता घाला." नत्थुजीने घण घातला आणि पाचर उडून खाली रेतीत पडली, पाठोपाठ बाकीच्याही. त्याच्या हातचं काम निघालं असं आजवर झालं नव्हतं, आणि त्याला हायसं वाटलं, हेही आजवर झालं नव्हतं.

डब्यांचा भार खांबावर होता, कललेल्या भिंतीवर नव्हता. तेव्हा ऊन उतरल्यावर साहेबाने इंजिन सोडायला सांगितलं. ते धुराचा लोट सोडत आलं, पुलावर चढलं आणि पलीकडे गेलं. निंभोऱ्याचे बैल बिथरून शेतात पळाले, त्यामुळे अर्ध्या गावाने आगीनगाडी पाठमोरीच पाहिली. नत्थुजी टोकाशी वाकून लाटण्यांकडे पाहत होता. भाराखाली ती गव्हाच्या दाण्याएवढी सरकली आणि पुन्हा जागेवर आली. तुळई हलत होती, आणि हलत होती म्हणूनच धड होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. धूर गेला असं त्याने सांगितलं.

पाटील त्याच्याजवळ आले. "शपत फिटली तुझी. चाल घरी. माझ्या चाकाले लोखंडी धाव बसवून दे, त्या सोनारानं जीव खाल्ला माझा."

"येतो पाटील," नत्थुजी म्हणाला. "पन आधी सोनाजीची भीत."

साहेबाने सोनाजीला ठेवून घेतलं होतं, आणि नत्थुजीची मुकादमी काढून घेऊन त्याला भिंत पुरी होईपर्यंत सोनाजीच्या हाताखाली दिलं होतं. नत्थुजीने चुन्याची घमेली वाहिली, दगड चढवले आणि तो एका शब्दानेही उलट बोलला नाही. सोनाजीही बोलला नाही. शेंदराचं नाव नाही, गंजाचं नाव नाही. या गप्प बसण्याने नत्थुजी घमेल्यांपेक्षा जास्त दमला.

वरचा दगड बसवायची वेळ भर दुपारी आली. तापलेली तुळई पुरती वाढलेली असताना एक बोट फट ठेवा, थंडीत ती आपोआप दुप्पट होईल, असं साहेब सांगून गेला होता. सोनाजीने दगड पहारीवर तोलून धरला आणि किती तरी दिवसांनी नत्थुजीकडे तोंड करून पाहिलं.

"बोट ठेव."

"कोनाचं?"

"तुझं. तुळई आन दगडाच्या मधात ठेव. मी दगड सरकवतो."

"आन चेपलं तं?"

"चेपलं तं वरड," सोनाजी म्हणाला. "म्हंजे मले समजन, का फट कमी पडली."

नत्थुजीने एकदा त्या दगडाकडे पाहिलं, एकदा सोनाजीच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याने उजव्या हाताचं, घण धरायचं बोट तापल्या तुळईला लावून धरलं आणि म्हणाला, "जरा ढिलंच ठेव गड्या."